पाण्याची रेघ

गाडीचा सीटबेल्ट कुणी कधी शेवटपर्यंत बाहेर ओढत नाही. आपण बसतो, छातीवरून पट्टा घेतो, खटका लावतो. तेवढ्यापुरता लागतो तेवढा पट्टा बाहेर येतो, उरलेला हात-दोन हात आत गुंडाळलेलाच राहतो. न्यूअर्कजवळच्या एका म्हाताऱ्या पोर्तुगीज मेकॅनिकनं माझ्या गाडीचा पट्टा पार टोकापर्यंत ओढला, दिव्याखाली धरला आणि काही न बोलता मला दाखवला. काळ्या विणीवर एका जागी आडवी, मळकट, करडी रेघ होती. रेघेच्या एका बाजूला पट्टा काळाभोर, दुसऱ्या बाजूला विटलेला. पाणी तिथवर चढलं होतं आणि तिथं बराच वेळ थांबलं होतं.

गाडी म्हणजे १९८६ सालची पोर्श ९११ कॅरेरा. ३.२ लिटरचं, हवेवर थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन, तेही मागच्या बाजूला. शाळेत असताना या गाडीचं चित्र एका कॅलेंडरमधून कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. वडिलांना दिसू नये म्हणून आतून. न्यू जर्सीत येऊन, घराचे हप्ते बऱ्यापैकी फेडून झाल्यावर, २०१४ च्या वसंतात मी ती ऑनलाइन विकत घेतली, टेनेसीतल्या एका माणसाकडून. तशा चांगल्या गाड्या तेव्हा पस्तीस-चाळीस हजार डॉलरच्या घरात जात होत्या. ही तेवीस हजारांना मिळाली. एकसष्ट फोटो होते. गाडी ट्रेलरवरून दारात उतरली तेव्हा मी आधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग सही केली.

जूनपर्यंत सगळं ठीक होतं. ऑक्टोबरात पहिल्यांदा हीटर लावला आणि गाडीत नदीकाठचा वास भरला. या ९११ च्या हीटरची रचना मजेशीर आहे. इंजिन मागे, रेडिएटर नाहीच, म्हणून एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती तापलेली हवा गाडीच्या दोन्ही कडांच्या पोकळ उंबऱ्यांमधून पुढे आणतात. दाराखालचा तो उंबरा म्हणजे गाडीचा कणाही आणि हवेची नळीही. त्या पोकळीत एकदा गाळ शिरला की तो धुवायला हात जात नाही. तो आत वाळतो, पत्र्याला आतून खातो आणि थंडीच्या पहिल्या दिवशी काचेखालच्या फटीतून बारीक धूळ होऊन तुमच्या तोंडावर येतो.

मग एका रात्री गार्डन स्टेट पार्कवेवर ताशी साठ मैलांच्या वेगात दोन्ही हेडलाइट एकदम गेले. शेजारी माझी तेरा वर्षांची मुलगी होती. मागून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात मी गाडी कडेला घेतली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुझी गाडी म्हातारी झालीये." मी हसलो, पण माझे हात पुढचा अर्धा तास थरथरत होते. मेकॅनिककडे गेलो ते त्यानंतर.

पट्टा दाखवून झाल्यावर त्यानं ड्रायव्हरची सीट काढली. या मॉडेलमध्ये इंजिनाचा संगणक, ती बॉशची पेटी, सीटच्या खाली, जवळजवळ फरशीवर असतो. म्हणजे वीतभर पाण्यातही तो बुडतो. त्याच्या पिनांवर हिरवी भुकटी होती. तो म्हणाला, गोड्या पाण्यातली गाडी कधी कधी वाचते, पण खाऱ्या पाण्यातल्या गाडीला फक्त मुदत मिळते. गालिचाखाली, सीटच्या रुळाच्या खाचेत, त्याला एक प्लास्टिकचा बिल्ला सापडला. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांमध्ये उन्हाळ्यात समुद्रावर जायला असा बिल्ला विकत घ्यावा लागतो. दर वर्षी रंग बदलतो आणि वर साल छापलेलं असतं. या बिल्ल्यावर २०१२ होतं.

२९ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळी सँडी वादळ याच किनाऱ्यावर आलं. समुद्र घरांच्या तळमजल्यांत आणि गॅरेजांत शिरला. दोन लाखांहून जास्त गाड्या त्या एका वादळात खराब झाल्या. बिल्ला हा काही पुरावा नव्हे हे मला कळतं. पण तर्क करायला हरकत नाही: माझ्या घरापासून तास-सव्वा तासावर बुडालेली ही गाडी टेनेसीपर्यंत जाऊन, तिथं वाळून, शॅम्पू लावून घेऊन, माझ्याकडे परत आली होती. वाहतुकीचे साडेनऊशे डॉलर मी दिले होते.

इथं थोडं कागदपत्रांबद्दल सांगायला हवं. अमेरिकेत गाडीच्या मालकीचा दाखला, म्हणजे टायटल, राज्य सरकार देतं. विमा कंपनीनं गाडी निकालात काढली की त्या टायटलवर 'सॅल्व्हेज' किंवा 'फ्लड' असा शिक्का बसतो. पण राज्याराज्यांचे नियम वेगळे, त्यामुळे गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन नवीन टायटल काढलं की शिक्का कधी कधी गळून पडतो. याला 'टायटल धुणं' म्हणतात. पाण्यानं लागलेला डाग धुऊन काढायचा, ही भाषेची गंमत त्या धंद्यातल्या लोकांच्या लक्षात आली असेल का कोण जाणे. हे रोखायला १९९२ च्या कायद्यानं देशभरची एक नोंदवही सुरू केली, आणि २००९ पासून सामान्य ग्राहकालाही ती पाहता येते. पण नोंदवहीत तेच असतं जे कुणीतरी कळवलेलं असतं. जुन्या हौशी गाड्यांचं तर विचारूच नका. सतरा अक्षरांचा चासी नंबर १९८१ पासून आला, त्याआधीच्या गाड्या या यंत्रणांना धड दिसतच नाहीत. आणि ज्या मालकानं विम्याचा दावाच केला नाही, गाडी स्वतःच वाळवली, स्वतःच विकली, त्याच्या गाडीचं टायटल शेवटपर्यंत स्वच्छ. धुवायचीही गरज नाही. माझं तसंच होतं.

मी टेनेसीला फोन केला. माणूस सभ्य होता. चिडला नाही, नाकारलंही नाही. "ती पाण्यात होती असं मी कधी म्हटलं नाही आणि नव्हती असंही म्हटलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही विचारलं नव्हतंत." पावतीवर 'जशी आहे तशी' असं छापलेलं होतंच.

त्या रात्री मी रागानं आमचा सगळा पत्रव्यवहार उघडला. कुठंतरी मी विचारलेलं असणारच अशी माझी खात्री होती. विचारलेलं नव्हतं. पण न पाठवलेल्या मसुद्यांत एक पत्र सापडलं. त्यात शेवटची ओळ अशी होती: गाडीला कधी पुराचं पाणी लागलं आहे का? त्याच पत्राची जी प्रत पाठवली, तिच्यात ही ओळ नाही. मी ती खोडली होती, आणि का खोडली तेही मला आठवलं. असला संशय घेतला तर माणूस दुखावेल, दुसरं गिऱ्हाईक बघेल, असं स्वतःला सांगितलं होतं. तीनशे डॉलरांत तिथला एखादा मेकॅनिक गाडी तपासून देतो, तेही केलं नाही. खरं कारण याच्याही खाली होतं. किंमत तेवीस हजार का आहे, हे मला कुठंतरी कळलेलं होतं. न विचारण्याचे मला बारा-पंधरा हजार डॉलर मिळत होते.

सिसेरोनं इसवी सन पूर्व ४४ मध्ये, मुलाला उद्देशून, कर्तव्यांवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात नेमका हा खटला आहे. एक माणूस घर विकतो आहे. घर रोगट आहे, खोल्याखोल्यांत साप निघतात, लाकूड कुजलेलं आहे, आणि हे मालकाशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्यानं सांगायला हवं का? बॅबिलोनचा डायोजेनिस हा स्टोइक म्हणतो, गरज नाही. गप्प बसणं वेगळं आणि लपवणं वेगळं. घ्यायला कुणी बळजबरी केली नाही, माल समोर आहे, बघून घ्यावा. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवणाऱ्याला अथेन्समध्ये जाहीर शाप देत, आणि हा तर त्याहून वाईट, कारण इथं तुम्ही समोरच्याला जाणूनबुजून चुकू देता. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूनं निकाल देतो. मीही देतो. टेनेसीच्या माणसानं माझ्याशी वाईट केलं, यात मला शंका नाही.

पण या सगळ्या वादात खरेदीदार भाबडा आहे हे गृहीत धरलेलं आहे. त्याच ग्रंथात कॅनिअस नावाच्या रोमन गृहस्थाची गोष्ट येते. सिराक्यूजमध्ये त्याला एक बागवाडी घ्यायची असते. पिथिअस हा सावकार त्याला आपल्या वाडीवर जेवायला बोलावतो आणि आदल्या दिवशी कोळ्यांना सांगून ठेवतो की उद्या मासेमारी माझ्या वाडीसमोर करा. कॅनिअस येतो तर समोर होड्याच होड्या, कोळी मासे आणून पिथिअसच्या पायाशी टाकताहेत. तो हरखून मागेल त्या किमतीला वाडी घेतो. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन जातो तर एकही होडी नाही. शेजारी सांगतो, इथं कुणी मासे धरत नाही, कालच्या होड्या बघून मलाच नवल वाटलं.

माझे एकसष्ट फोटो म्हणजे त्या होड्या. उन्हाच्या तिरप्या उजेडातली चकाकती गाडी, मागे गव्हाच्या रंगाचं गवत. पण कॅनिअसला निदान होड्या खऱ्याच वाटल्या होत्या. मला त्या एकसष्टमध्ये सीटच्या खालचा एकही फोटो नाही हे दिसलं होतं, आणि मी बासष्टावा मागितला नाही.

अर्थशास्त्रात याबद्दल जॉर्ज अकरलॉफचा १९७० चा निबंध प्रसिद्ध आहे. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता आणि पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. उदाहरण जुन्या गाड्यांचंच आहे. विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो, चांगल्या गाड्यांचे मालक त्या किमतीला बाजारातून निघून जातात, खराब गाड्या उरतात. निबंध मला पटतो. त्यात अपराधभाव कुणालाच नाही, एवढंच. माहिती कमी असलेला माणूस तिथं फक्त दुर्दैवी असतो. माहिती कमी राहावी अशी व्यवस्था स्वतःच करणारा माणूस त्या गणितात बसत नाही.

माझ्या वागण्यानं टेनेसीवाल्याची चूक कमी होते का? मला वाटतं, नाही. दोन चुका एकमेकींतून वजा होत नाहीत. माझी फसवणूक झाली हे खरंच राहतं, फक्त त्याबद्दल मोठ्यानं ओरडायचा माझा हक्क जातो. वकिलाकडे गेलो नाही त्याचं एक कारण हेही होतं. दुसरं कारण वकिलाची फी.

बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते, वाडा नारायण पेठेत. त्यांनी आजीच्या शिलाई मशीनची गोष्ट काढली. मशीन पाण्याखाली गेलं होतं, आजोबांनी ते पुसून, तेल घालून, पुढे एका शिंप्याला विकलं. "मग तुम्ही त्याला सांगितलंत का पुरातलं आहे म्हणून?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "अरे, सांगायचं काय त्यात? भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर रेघ होती. तो आला, त्यानं रेघ बघितली, मशीनचं चाक फिरवून बघितलं आणि भाव सांगितला. सगळ्या पेठेत सगळं पुरातलंच होतं."

मला हे बरेच दिवस पुरलं. शिंपी आणि आजोबा यांच्यात डायोजेनिस आणि अँटिपेटर उभेच राहू शकत नव्हते, कारण दोघं एकाच भिंतीसमोर उभे होते. गप्प बसण्याला किंमत येते ती अंतरामुळे. पूर एका ठिकाणी, वस्तू दुसऱ्या ठिकाणी, गिऱ्हाईक तिसऱ्या. ऑनलाइन बाजारानं हेच केलं आहे: वस्तू भिंतीपासून सोडवली.

पाण्याला मात्र मी दोष देत नाही. स्वित्झर्लंडच्या बाजूला माजोरे सरोवरात १९२५ ची एक बुगाटी ब्रेशिया जवळपास सत्तर वर्षं पडून होती. जकात भरली नाही म्हणून अधिकाऱ्यांनी ती साखळीला बांधून पाण्यात सोडली आणि पुढे साखळी गंजून तुटली, असं सांगतात. २००९ मध्ये पन्नास मीटरहून जास्त खोलीवरून ती वर काढली. एक कड चिखलात रुतलेली म्हणून थोडीफार टिकलेली, बाकी नुसतं गंजाचं जाळं. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात ती २ लाख ६० हजार ५०० युरोंना गेली आणि घेणाऱ्यानं ती दुरुस्त न करता तशीच कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयात ठेवली. तिथं पाणी हाच इतिहास होता, आणि तो पहिल्या ओळीत लिहिलेला होता.

मी माझी गाडी विकायला काढली तेव्हा पहिल्या ओळीत काय लिहावं यावर दोन आठवडे घालवले. पहिला मसुदा: "टायटल स्वच्छ. विजेच्या जोडण्यांचं थोडं काम आवश्यक." प्रत्येक शब्द खरा. एक मित्र म्हणाला, "अरे, एवढं पुरे आहे. तू काय खोटं बोलतोयस?" मला आपलं 'नरो वा कुंजरो वा' आठवलं. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा आणि त्या एका वाक्यानंतर तो खाली टेकला, असं महाभारत सांगतं. वाक्य खोटं नव्हतं, हत्ती मेलाच होता. माझ्या मसुद्यात हत्ती होता, अश्वत्थामाही होता, फक्त समोरच्याला काय ऐकू जाईल याची काळजी घेतलेली होती. दुसऱ्या मसुद्यात "ओलाव्याची काही चिन्हं" आली. बायकोनं वाचून विचारलं, "ओलावा म्हणजे? दमट हवा होती का तिथं?"

तिसऱ्यात सगळं लिहिलं. पट्ट्याची रेघ, हिरवी भुकटी, उंबऱ्यांतला गाळ, गेलेले हेडलाइट, बिल्ला. फोटो लावले. दोन महिने कुणी फिरकलं नाही. मग पेनसिल्व्हेनियातून एक तरुण आला. त्याला गाडी शर्यतीच्या ट्रॅकसाठी हवी होती, तारांचं सगळं जाळं काढून टाकणारच होता म्हणाला. साडेअकरा हजार. पुराबद्दल सर्व सांगितलं आहे अशा कागदावर मी त्याची सही घेतली. त्या रात्री मला उत्तम झोप लागली, हे नमूद करायला हवं. अँटिपेटरला कळवावंसं वाटत होतं.

२०१७ च्या शेवटी एका ऑनलाइन लिलावात ती मला पुन्हा दिसली. चासी नंबर मला पाठ होता. चाकं वेगळी, रंग तोच पण नवा, सीटबेल्ट कोरे. विकणारा जॉर्जियातला कुणी व्यापारी. वर्णनात लिहिलं होतं: दक्षिणेतली, कोरड्या हवेत जपलेली गाडी. टायटल स्वच्छ. पेनसिल्व्हेनियाच्या मुलानं त्याला सांगितलं होतं की नाही, मधे आणखी किती हात झाले, मला माहीत नाही. व्यापाऱ्याला कदाचित खरंच काही ठाऊक नसेल. मी त्याला लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं, टायटल जोडलं आहे, कृपया पाहावं. लिलावाखाली लिहिलं, तर पुरावा मागितला. मी सहीचा कागद शोधून, स्कॅन करून पाठवेपर्यंत बोली संपली होती. अडतीस हजार.

म्हणजे माझं खरं बोलणं एका माणसापर्यंत गेलं आणि तिथंच संपलं. ते गाडीला चिकटलेलं नव्हतं. गाडीला फक्त टायटल चिकटलेलं असतं आणि टायटल कोरं होतं. विकायच्या आधी मी मोटार वाहन खात्यात जाऊन, या टायटलवर 'फ्लड' असा शिक्का मला स्वतःहून मारून घेता येईल का, असं विचारू शकलो असतो. ही कल्पना तेव्हाच सुचली होती. शिक्का बसला तर साडेअकराचे पाच हजारही येणार नाहीत, हेही त्याच क्षणी सुचलं. मी विचारायला गेलो नाही. होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही, कारण अजूनही मी विचारलेलं नाही. गाडीचे सुटे भाग करून विकता आली असती, तर ती कुणाच्या मुलीला घेऊन रात्री रस्त्यावर जाऊ शकली नसती. तेही सुचलं होतं. पण एवढी देखणी वस्तू कापायची कशी, असं स्वतःला सांगितलं.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा टेबलाच्या खणात स्टेपलर शोधताना बिल्ला हाताला लागला. जाहिरातीत मी त्याचा फोटो लावला होता, त्या मुलाला तो दाखवलाही होता. गाडीबरोबर द्यायचा मात्र राहून गेला.